कुलूप हातात धरावं की व्हाइसमध्ये आवळावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. चार पिनांचं पितळी कुलूप तुम्ही हातात धरून किल्लीशिवाय, पिकनं म्हणजे बारीक आकड्यानं उघडता, रोज उघडता. (पिना म्हणजे आतल्या स्प्रिंगवरच्या छोट्या खुंट्या; सगळ्या नेमक्या उंचीला बसल्या तरच कुलूप फिरतं.) पण दाराच्या कुलपात बसणारा सहा पिनांचा सिलेंडर, ज्यात स्पूल नावाच्या फसव्या पिना आहेत, तो काही केल्या दाद देत नाही. एक मित्र म्हणतो व्हाइस घे, म्हणजे वस्तू दोन जबड्यांत आवळून धरणारा शिकंजा. दुसरा म्हणतो व्हाइस म्हणजे चीटिंग, एकदा सवय लागली की हातात कुलूप धरताच येणार नाही. घर काळाचौकीला, खोली दहा बाय बाराची, टेबल म्हणून काही नाही. आणि घरात गोदरेजचं नवताल पडलंय, त्यावरही हात चालवून बघावा का, असंही विचारलंत.

आधी उत्तर देतो, कारणं नंतर. सिलेंडर व्हाइसमध्ये लावा. चार पिनांचं कुलूप हातातच ठेवा. आणि नवताल तूर्तास बाजूला ठेवा.

किल्ल्या करणं आणि अडकलेली दारं उघडणं हा माझा धंदा, आणि संध्याकाळी दोन-चार पोरं शिकायलाही येतात. त्यामुळे हा वाद माझ्यासमोर कायम चालू असतो. दोन्ही बाजूंचे लोक एक गोष्ट गृहीत धरतात, की व्हाइसचं काम कुलूप धरून ठेवणं एवढंच. माझ्या मते व्हाइसचं खरं काम वेगळं आहे. पकड आणि टेन्शन (म्हणजे पट्टीनं प्लगला, किल्लीबरोबर फिरणाऱ्या आतल्या गोल भागाला, दिलेला हलका पीळ) या दोन गोष्टी तो एकमेकींपासून सोडवतो. तुमचा सिलेंडर नेमका तिथेच अडलाय.

हातात कुलूप धरता तेव्हा काय होतं ते नीट बघा. डाव्या हाताची मागची तीन बोटं आणि तळवा कुलपाला धरतात. त्याच हाताचा अंगठा किंवा तर्जनी टेन्शनच्या पट्टीवर असते. उजव्या हातात पिक. आता पिकनं एक पिन दाबली, की कुलूप थोडं पलीकडे सरकायला बघतं. डावा हात ते सरकू नये म्हणून पकड घट्ट करतो. मूठ आवळणारे स्नायू कोपराखालच्या त्याच भागात आहेत, त्यामुळे तीन बोटं आवळताना चौथं बोट अलगद ठेवणं फार थोड्या लोकांना जमतं. म्हणजे जिथे जिथे पिन दाबली, तिथे तिथे नकळत टेन्शनही वाढलं. साध्या चार पिनांच्या कुलपाला याचं काही वाटत नाही. तिथे पिना सरळ असतात, थोडं जास्त टेन्शन पडलं तरी पिन जागेवर बसते, फक्त जरा जड जाते.

स्पूल पिनेचं गणित उलटं असतं. ही पिन मधोमध कंबर बारीक केलेली असते, दोऱ्याच्या रिकाम्या रिळासारखी. टेन्शन असताना ती वर सरकवली की तिचा बारीक भाग प्लगच्या कडेवर येऊन अडकतो आणि प्लग एकदम थोडासा फिरतो. नवख्याला वाटतं, उघडलंच! याला आपण फॉल्स सेट म्हणतो. इथून पुढे जायचं तर ती पिन आणखी ढकलावी लागते आणि ती ढकलताना प्लग मागे यायला बघतो, म्हणजे तुमच्या टेन्शनच्या उलट दिशेनं. त्या क्षणी तुमच्या बोटानं ढील द्यायला हवी. प्लगला मागे येऊ द्यायला हवं, पण इतकंही नाही की बाकीच्या बसलेल्या पिना खाली पडतील. आणि नेमक्या त्याच क्षणी हातात धरलेलं कुलूप हलतं, मूठ आवळते, टेन्शन वाढतं. स्पूल जागच्या जागी जाम. मग माणूस वैतागून पिक जोरात दाबतो, पिन जास्त वर जाते, आणि पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून सिलेंडर व्हाइसमध्ये. डाव्या हातात धरण्यासारखं काही उरलंच नाही की तो हात फक्त टेन्शन देतो. पट्टीच्या टोकावर तर्जनीचं पेर टेकवायचं, मनगट टेबलावर किंवा व्हाइसच्या अंगावर टेकवून ठेवायचं. प्लग मागे येतोय हे बोटाच्या पेराला आधी कळतं, डोळ्याला नंतर. ही जाणीव एकदा बोटात बसली की ती जात नाही. मग तुम्ही कुलूप हातात घ्या, लोकलच्या खिडकीत बसून करा, काही फरक पडत नाही.

आता दुसऱ्या मित्राची बाजू. त्याचं म्हणणं अगदीच फोल नाही, फक्त कारण तो चुकीचं सांगतो. व्हाइसमुळे सवय बिघडते ती कुलूप धरण्याची नाही, जोराची. हातातल्या कुलपाला तुम्ही फार टेन्शन दिलं तर कुलूप हातात पिळतं, मनगट दुखायला लागतं, शरीर स्वतःच सांगतं की थांब. व्हाइसमधलं कुलूप काही बोलत नाही. चार इंची बिडाच्या व्हाइसमध्ये आवळलेला सिलेंडर तुम्ही पट्टी वाकेपर्यंत ताणलात तरी तक्रार करणार नाही. माझ्याकडे येणाऱ्या, घरी व्हाइसवर शिकलेल्या पोरांच्या टेन्शन पट्ट्या बघितल्या की कळतं, मानेजवळ पीळ बसलेला असतो. हुकाच्या, म्हणजे पुढे वाकवलेल्या पिकच्या, टोकावर बर, म्हणजे धातूची खरखरीत कड आलेली असते. त्यांनी कुलपं उघडलेली असतात, नाही असं नाही. पण जोरावर.

म्हणजे हातातलं कुलूप एक चूक लपवतं आणि व्हाइसमधलं दुसरी. हातात टेन्शन सारखं बदलतंय हे कळत नाही, व्हाइसमध्ये टेन्शन मुळातच जास्त आहे हे कळत नाही. जो फक्त एकाच पद्धतीनं सराव करतो, त्याला आपली चूक कधीच दिसत नाही. म्हणून मी सांगतो, नवी गोष्ट व्हाइसमध्ये शिकायची आणि आलेली गोष्ट हातात तपासायची. हाताला कुलूप जड जायला लागलं की समजावं, व्हाइसमध्ये आपण जोर लावत होतो.

चीटिंगच्या मुद्द्यावर एक जुनी गोष्ट सांगतो, कारण हा वाद पावणेदोनशे वर्षांचा आहे. लंडनमध्ये कुलपं करणाऱ्या ब्रामा कंपनीनं पिकाडिलीतल्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप ठेवलं होतं. जो किल्लीशिवाय उघडेल त्याला २०० गिनी बक्षीस. अनेक दशकं ते कोणाला उघडलं नाही. १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी अमेरिकेहून आलेल्या आल्फ्रेड हॉब्जनं ते उघडलं, १६ दिवसांत मिळून सुमारे ५१ तास काम करून. कंपनीनं तक्रार केली. त्यातला एक मुद्दा असा होता, की कुलूप ज्या लाकडात बसवलं होतं त्या लाकडालाच त्यानं आपलं साधन स्क्रूनं पक्कं केलं आणि आतली मोठी स्प्रिंग सतत दाबून धरली. म्हणजे हाताचं काम साधनाला दिलं! पंचांनी ऐकून घेतलं आणि बक्षीस हॉब्जलाच दिलं. तुमच्या मित्राला हे सांगा.

शिवाय धंद्याच्या अंगानं बघितलं तर हा प्रश्न कुलपागणिक बदलतो. दाराचा सिलेंडर दारातच पक्का बसलेला असतो. लाकडी दार, दाराच्या जाडीत बसवलेलं मॉर्टिस लॉक, चौकट, सगळं मिळून तो एक मोठा व्हाइसच झाला. दारावरचा सिलेंडर कोणी हातात धरून उघडत नाही. तेव्हा सिलेंडरचा सराव हातात करणं म्हणजे प्रत्यक्षात कधीच न येणाऱ्या परिस्थितीचा सराव करणं. उलट लटकतं कुलूप बघा. दुकानाच्या शटरला खाली, जमिनीलगत, कडी-कोयंड्यात लटकलेलं. मालकाची किल्ली हरवलीय, तुम्ही उकिडवे बसलाय, पावसाळा असेल तर गुडघ्याखाली चिखल आहे आणि कुलूप कोयंड्यात हेलकावे खातंय. तिथे व्हाइस कुठून आणणार? डाव्या हातानं कुलूप धरूनच टेन्शन द्यावं लागतं. म्हणून लटकत्या कुलपांचा सराव हातात करणं हे खरं तर जास्त प्रामाणिक आहे. छंद म्हणून करणाऱ्यांना शटरपर्यंत जायचं नसतं हे मला ठाऊक आहे, तरी कुलपाच्या स्वभावाप्रमाणे धरण्याची पद्धत निवडायची हे तत्त्व त्यांनाही लागू आहे.

आता ज्यावर लोक सगळ्यात जास्त भांडतात ते, म्हणजे फीडबॅक. हातात धरल्यावर कुलपाच्या अंगातून तळव्याला सूक्ष्म हालचाल कळते, व्हाइस ती गिळून टाकतो, असं एक मत. दुसरं मत, व्हाइसमध्ये हाताचा कंप मधे येत नाही, म्हणून सगळं स्वच्छ कळतं. माझा अनुभव असा, की दोन्ही खरं आहे पण दोन वेगवेगळ्या गोष्टींबद्दल. पिन बसल्याची टिकटिक तळव्याला कळते, ती हातात जास्त. प्लगचं किंचित फिरणं पट्टीवरच्या बोटाला कळतं, ते व्हाइसमध्ये जास्त. आणि या दोनांत महत्त्वाचं दुसरं. टिकटिक फसवी असते. पिन जास्त वर गेली तरी टिक होतं, पिक किल्लीच्या खाचेच्या भिंतीवर आपटली तरी टिक होतं. प्लग फिरणं क्वचितच फसवतं. तेही स्पूलच्या बाबतीत फसवतं, पण ते फसवणं ओळखायलाच तर आपण शिकतोय. कानावर तर मुंबईत फार भिस्त ठेवूच नये. डोक्यावर पंखा, खाली रिक्षा, करी रोडच्या बाजूनं गाडी गेली की भिंत थरथरते. शांतता मिळेल तेव्हा सराव करू म्हणणारा माणूस सराव करत नाही.

टेबल कसलं आहे यानंही फरक पडतो, हे मात्र कमी लोक सांगतात. पोकळ, प्लायच्या टेबलावर व्हाइस लावला तर टेबल आवाज वाढवतं, टिकटिक ठसठशीत ऐकू येते आणि माणूस कानावर विसंबून राहतो. तोच व्हाइस कडप्प्याच्या ओट्यावर लावला तर आवाज बसतो. शिकण्यासाठी मला ओटा आवडतो. घरच्या बाईमाणसांची परवानगी असेल तर.

व्हाइसमध्ये सिलेंडर लावताना एक गोष्ट जपा. युरो प्रोफाइल सिलेंडर म्हणजे तुमच्या दारात आहे तो, वर गोल आणि खाली लोंबता चपटा भाग. पिना त्या चपट्या भागात असतात. व्हाइसचे जबडे तिथेच धरतात, कारण धरायला दुसरी जागाच नाही. जबडे फार आवळले तर पितळ किंचित दबतं, पिनांच्या घरांना चिमटा बसतो आणि पिना जड चालायला लागतात. मग माणूस म्हणतो, कुलूप अवघड आहे. कुलूप अवघड नाही, तुम्ही त्याचा गळा धरलाय. किल्ली घालून फिरवून बघा. व्हाइसमध्येही किल्ली तितकीच सहज फिरली पाहिजे जितकी बाहेर फिरत होती. जबड्यांना चामड्याचा तुकडा लावा, नाहीतर अॅल्युमिनियमच्या अँगलचे दोन तुकडे बसवा. सायकलच्या ट्यूबचं रबर लोक लावतात, ते मला पटत नाही. रबरात कुलूप डुलतं, आणि डुलणारं कुलूप धरायचं असेल तर व्हाइस कशाला घेतला?

दोन्ही बाजूंनी किल्ली लागणारा सिलेंडर असेल तर पलीकडच्या बाजूत किल्ली राहिलेली नाही ना ते बघा. अनेक साध्या सिलेंडरमध्ये पलीकडची किल्ली आत असली की अलीकडचा प्लग फिरत नाही, आणि तुम्ही तासभर एका न उघडणाऱ्या कुलपाशी झुंजत बसता. दुसरं, प्लग अर्धा गोल फिरून खाच उलट्या बाजूला आली की ड्रायव्हर पिना (प्रत्येक पिनेचा स्प्रिंगकडचा तुकडा) खाचेच्या उघड्या तळात घुसू शकतात आणि प्लग तिथेच अडतो. घाबरू नका. पिकच्या पाठीनं त्या पिना एकेक दाबत प्लग हळूच पुढे न्यायचा. हे व्हाइसमध्ये सोपं जातं, हातात तीन हात लागतात.

लटकतं कुलूप व्हाइसमध्ये लावायचंच असेल तर अंगाला धरा, वरचा वाकडा दांडा मोकळा सोडा. उघडल्यावर तो उडी मारून वर आला पाहिजे. पत्र्यांच्या थरांचं कुलूप असेल तर तेही बेतानंच आवळा.

आता प्रत्यक्ष सराव. मी पोरांना जे करायला लावतो त्यातलं तुमच्या कामाचं तेवढंच सांगतो. सिलेंडर खोलता येत असेल तर आधी त्यातल्या चार पिना काढून फक्त दोनच ठेवा, त्यातली एक स्पूल. (खोलताना कुलूप मोठ्या पारदर्शक पिशवीत धरा. स्प्रिंगा उडतात, आणि दहा बाय बाराच्या खोलीत त्या पलंगाखालीच जातात.) दोन पिनांवर व्हाइसमध्ये फॉल्स सेट आणा आणि तिथेच थांबा. उघडू नका. पिकनं स्पूल किंचित दाबा, प्लग मागे येताना बोटाला जाणवू द्या, सोडा. पुन्हा. उघडण्याचा मोह टाळून एवढंच करत राहिलात तर बोट शिकतं. मग एकेक पिन वाढवत जा.

दुसरा सराव टेन्शन सोडण्याचा. तीन-चार पिना बसवा आणि मग टेन्शन अगदी सावकाश कमी करत जा. पिना एकेक करून पडल्या पाहिजेत, वेगवेगळ्या. सगळ्या एकदम पडल्या तर ढील देणं अजून तुमच्या बोटात नाही. हा सराव आधी व्हाइसमध्ये करा, जमला की तोच हातात करा. हातात तो किती अवघड जातो हे बघितलंत की मी वर मुठीबद्दल जे म्हणालो ते आपोआप पटेल. हातात करताना कुलूप मुठीत न धरता तळव्यावर आडवं ठेवून बघा, बोटांनी नुसती कड अडवायची. पकड ढिली राहते. बऱ्याच जणांचं यानंच सुधारतं.

तिसरी गोष्ट सराव नाही, सवय आहे. व्हाइसमध्ये अडलात, काही समजेना, की कुलूप काढून हातात घ्या, उलटं करा, आडवं करा, पिना खाली येतील असं धरा. पिकचा कोन बदलतो, मनगटाचा कोन बदलतो, आणि खाचेच्या टोकाशी असलेली, आजवर पोचताच न आलेली पाचवी-सहावी पिन अचानक सापडते. व्हाइसचा हा एक खरा तोटा आहे. तो कुलपाला एकाच कोनात ठेवतो आणि आपण मनगट वाकडं करून त्याच्याशी जमवून घेतो. म्हणून व्हाइसची उंचीही बघायची. जमिनीवर मांडी घालून बसणार असाल तर कुलूप कोपराच्या पातळीला आलं पाहिजे. छातीशी आलं तर खांदे उचलले जातात आणि पाच मिनिटांत बोटं सुन्न.

टेन्शन कुठून द्यायचं यावर थोडक्यात. खाचेच्या तळातून पट्टी घातली तर ती पिकची जागा खाते. पिनांच्या बाजूनं, खाचेच्या तोंडाशी पातळ पट्टी बसवली तर पिकला मोकळीक मिळते आणि बोटाला प्लग जास्त कळतो. ही पट्टी नीट बसत नसेल तर कानसेनं घासून खाचेच्या मापाची करा. गाडीच्या वायपरच्या आतली स्टीलची पट्टी यासाठी उत्तम, गॅरेजवाले फेकूनच देतात.

कुलपात खोबरेल तेल घालू नका. आपल्याकडे घरोघरी घालतात, मला कल्पना आहे. ते धूळ धरतं, चिकट होतं, पिना सुस्त चालतात आणि तुम्हाला वाटतं पिन बसली. मुंबईच्या दमट हवेत तर आणखी वाईट. शिसपेन्सिलीची पूड थोडी चालते. आधी तेल पडलेलं असेल तर रॉकेलनं धुऊन पूर्ण वाळवा, मगच पूड.

नवतालचं. गोदरेजनं १८९७ मध्ये कुलपं करायला सुरुवात केली ती तुमच्याच शेजारी, लालबागला, त्यामुळे काळाचौकीच्या माणसाच्या घरी नवताल असणं साहजिक आहे. पण ते लिव्हरचं कुलूप आहे. आत पिना नाहीत, एकावर एक रचलेल्या पत्र्याच्या लिव्हर असतात आणि प्रत्येक लिव्हर नेमक्या उंचीला आली तरच बोल्ट सरकतो. तुमचा हुक आणि तुमची पट्टी तिथे काही कामाची नाही. त्याला वेगळी हत्यारं लागतात, टेन्शन बोल्टवर द्यावं लागतं आणि ते चांगलंच जड असतं. लिव्हरचं कुलूप हातात धरून शिकायचा प्रयत्न मी कोणालाच सांगणार नाही, तिथे व्हाइस अपरिहार्य आहे. डिंपल किल्लीच्या, म्हणजे दातांऐवजी खळगे असलेल्या किल्लीच्या, सिलेंडरलाही तसंच. पिक खाचेत आडवी फिरवावी लागते, टेन्शन फार बारीक लागतं, आणि कुलूप जरा हललं तरी पिक पिनेवरून घसरते.

नियम दोनच, आणि जगभर छंद म्हणून हे करणारे ते पाळतात. कुलूप स्वतःचं असलं पाहिजे आणि ते वापरातलं नसलं पाहिजे. तुमच्या खोलीच्या दाराला जो सिलेंडर लागलेला आहे त्यावर सराव करू नका, वेगळा आणा. आत पिना बिघडल्या, पट्टीचं टोक मोडून खाचेत राहिलं, तर रात्री अकरा वाजता आई बाहेर आणि किल्ली निरुपयोगी. आणि हत्यारं घरीच ठेवा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १२२ प्रमाणे सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत, समाधानकारक कारण नसताना घरफोडीचं हत्यार जवळ बाळगणं हा गुन्हा आहे. रात्री बॅगेत हुकांचा संच घेऊन फिरणाऱ्याला ‘छंद आहे साहेब’ हे पटवून देणं सोपं नाही. वर मी लोकलच्या खिडकीचं म्हणालो ते बोलण्यापुरतं, खरंच करायला जाऊ नका.

आता खोलीत व्हाइस मावत कसा. मोठा बेंच व्हाइस घेऊ नका, तो बोल्टनं ठोकल्याशिवाय उपयोगाचा नाही आणि भाड्याच्या खोलीत ठोकणार कशाला? खालून स्क्रूनं टेबलाच्या कडेला धरणारा छोटा व्हाइस घ्या, तो ओट्याच्या कडेलाही बसतो, खिडकीच्या कट्ट्यालाही. तळाला रबराचा सक्शन असलेले व्हाइस मिळतात. गुळगुळीत ग्रॅनाइटवर ते बरे धरतात, प्लायवर किंवा खरखरीत कडप्प्यावर पाच मिनिटांत सुटतात. बॉलवर सगळीकडे फिरणारा व्हाइस दिसायला छान, पण स्वस्तातल्यांचा बॉल टेन्शन देताना घसरतो. त्यापेक्षा साधा, न फिरणारा बरा.

मुळात सिलेंडरसाठी व्हाइस लागतोच असंही नाही. युरो सिलेंडरच्या मधोमध, खालच्या चपट्या भागात आरपार आटे असलेलं भोक असतं, पाच मिलिमीटरच्या म्हणजे एम ५ स्क्रूचं. दारात त्याच स्क्रूनं सिलेंडर पक्का होतो. एक जाड एल पट्टी घ्या, तिला भोक पाडा, त्यातून तोच स्क्रू सिलेंडरमध्ये आवळा आणि पट्टी लाकडाच्या जड तुकड्यावर ठोका. एका स्क्रूवर सिलेंडर फिरू शकतो, म्हणून खालून लाकडाची चीप लावा. पिनांच्या घरांना चिमटा बसायचा प्रश्नच नाही, कारण जबडेच नाहीत. तुकडा मांडीवर ठेवला की झालं, टेबलही नको. तुमच्या खोलीला मला हाच उपाय जास्त योग्य वाटतो. लटकत्या कुलपांसाठी मात्र हे चालत नाही, पण ती तर हातातच करायची आहेत.

तरीही व्हाइस घ्यायचा असेल तर मस्जिद बंदरजवळ नागदेवी स्ट्रीटला जा, हत्यारांची दुकानं ओळीनं आहेत. दुकानात उभ्या उभ्याच जबडे अर्धे उघडा आणि पुढचा जबडा हातानं वरखाली, डावीउजवीकडे हलवून बघा. त्यात खेळ असेल तर तो व्हाइस घेऊ नका, ब्रँड कोणताही असो. मग जबडे पूर्ण बंद करून उजेडाकडे धरा. वरून खालपर्यंत सारखे टेकले पाहिजेत. खाली फट दिसत असेल तर सिलेंडर वरच्या कडेवरच धरला जाईल आणि आवळला की तिरका होईल. घरी आणल्यावर स्क्रूला ग्रीस आणि जबड्यांना मशीन ऑइलचा हात लावून ठेवा, जून लागायच्या आत.